नक्षी सागावरच का आली?

देव्हाऱ्याला किंवा दाराच्या चौकटीला नक्षी करायची तर लाकूड कोणतं घ्यावं, असं विचारलं की बहुतेक सुतार आधी सागाचंच नाव घेतात. पण सागाची निवड मुळात नक्षीसाठी झालेली नाही. ती घरासाठी झाली. सागात नैसर्गिक तेल असतं, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ऋतू बदलले तरी तो फारसा वाकत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या सागवानी फासळ्या जवळजवळ दोन हजार वर्षं टिकल्या आहेत. दगडात कोरलेल्या त्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. लाकडी घरं बांधणाऱ्यांची सवय तेवढी तिथं उतरली.

तीच सवय पुढे वाड्यांत दिसते. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा साग जुन्नरच्या रानातून आला, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून. १८२८ च्या आगीत त्या वाड्याचं लाकूडकाम गेलं. विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू मात्र आजही पाहता येते. तिथल्या सुरूच्या झाडाच्या आकाराच्या सागवानी खांबांपाशी जरा थांबा. पाकळ्या ठसठशीत आहेत, खोबणी खोल आहे, सावली स्वच्छ पडते. सागाचा पोत भरड असतो, फार पातळ कोरलं तर कड रेषेवर, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेनं, तुटते, आणि त्यातल्या वाळूसारख्या सूक्ष्म कणांमुळे पटाशीची धार लवकर जाते. आपण ज्याला ‘वाड्याची शैली’ म्हणतो, तिच्यात कारागिराच्या नजरेइतकाच लाकडाचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कोकणात हिशेब वेगळा होता. दारातला फणस खांबांना आणि देवळांच्या कामाला वापरला गेला. ताजा कापला की पिवळाधमक, वर्षं गेली की तपकिरी. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी खेळण्यांसाठी हलका, मऊ पांगारा पसंत केला, कारण वर रंग चढणार असेल तर खालची रेषा कशी आहे याला महत्त्व उरत नाही. आणि शिवण! वजनाला हलकी, पटाशीला मऊ, वाळल्यावर जागची हलत नाही. पहिल्यांदा कोरायला बसणाऱ्याच्या हाती मी सागाआधी शिवणच देईन.

बारीक कामाचं मानाचं लाकूड चंदन. कर्नाटकात सागर-सोरबच्या गुडिगारांनी, म्हणजे तिथल्या पिढीजात कोरीव कारागिरांनी, त्यात जे कोरलं, ते सागात उतरवणं अवघड. पण तिथं २००१ पर्यंत चंदनावर मालकी सरकारची होती, त्यामुळे ते कारागिराला मोकळेपणी मिळालं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी फर्निचरचा मोठा व्यापार उभा राहिला. पानाफुलांनी भरलेल्या, आरपार कोरलेल्या पाठींच्या त्या खुर्च्या शिसवाचा घट्टपणा नसता तर टिकल्याच नसत्या.

आज लागवडीचा साग कोवळाच तोडला जातो. त्यात गाभा कमी आणि बाहेरचा फिकट, वाळवीला बळी पडणारा भाग जास्त. म्हणून जाणते सुतार पाडलेल्या वाड्यांचं लाकूड शोधत वखारी फिरतात. तुळईचा तुकडा उचलतात, कापलेल्या टोकावर ओला हात फिरवून वर्षांची वलयं बघतात. मग रंधा मारतात. काजळी निघते आणि खालून सागाचा तोच तेलकट वास येतो.