गाडीच्या पाठीवर चाक का आलं?

एसयूव्हीच्या मागच्या दारावर लटकणाऱ्या चाकावरून दोन तट कायम पडलेले असतात. एका तटाला त्याशिवाय गाडीत दमच वाटत नाही, तर दुसऱ्याला ते पंचवीस-तीस किलोचं नसतं ओझं वाटतं. पण या चाकाचा मागोवा घेतला की वेगळंच काही दिसतं. त्याची जागा बहुतेक वेळा रुबाबाने ठरली नाही आणि वजनानेही नाही. गाडीच्या मागून काय आत-बाहेर करायचं आहे, यावर ती ठरत गेली. मागच्या दाराला काम नव्हतं तोवर चाक तिथे निवांत बसलं. दाराचं काम वाढलं तसं ते कुशीला गेलं, बॉनेटवर चढलं, पोटाखाली लपलं आणि कधी कधी गाडीतूनच गेलं.

अगदी सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नव्हतंच. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, टायर उचकटायचा, ट्यूब सांधायची आणि पुन्हा चढवायची. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत, त्यामुळे हा प्रसंग वरचेवर येई. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावात, स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी यावर तोडगा काढला. आऱ्या नसलेली एक रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने चिमट्यांनी अडकवायची आणि मार्गाला लागायचं. पुढे सबंध चाकच काढून दुसरं लावता येऊ लागलं, पण आपल्याकडे नाव त्या गल्लीचंच राहिलं.

ही चाकं तेव्हा बाहेरच असत, कारण आत जागाच नव्हती. पायफळीच्या वर, पुढच्या मडगार्डला खोबण करून, किंवा मागे. मोठ्या गाड्यांना दोन्ही बाजूंना एकेक. १९३० च्या दशकात गाड्यांना बंद डिकी आली आणि चाक आत गेलं. गोष्ट इथेच संपायची, पण हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल फोर्ड याच्यासाठी १९३९ मध्ये घडवलेल्या लिंकन कॉन्टिनेन्टलच्या मागे चाक पुन्हा उभं दिसलं आणि अमेरिकेला त्याची भूल पडली. १९५० च्या दशकात लोक साध्या सेडान गाड्यांनाही मागे चाक लटकवणारे ‘कॉन्टिनेन्टल किट’ बसवून घेत. त्याने गाडी लांब होई, मागे झुके आणि डिकीत सामान टाकायला चाकावरून वाकावं लागे. १९५६ च्या कॉन्टिनेन्टल मार्क २ मध्ये डिकीच्या झाकणावर चाकाच्या आकाराचा उंचवटा होता आणि त्याखाली खरोखर चाक होतं. नंतरच्या मॉडेलांत उंचवटा तेवढा उरला, खाली चाक नाही. थोडक्यात, एसयूव्ही जन्मायच्या आधीच शोभेचं चाक जन्मलं होतं.

आजच्या गाड्यांच्या पाठीवरचं चाक मात्र त्या घराण्यातलं नाही. ते युद्धातून आलं. १९४१ च्या विलीज एमबी जीपला मागे दारच नव्हतं. सैनिक बाजूने उडी मारून चढत, त्यामुळे मागचा पत्रा सलग होता. त्या रिकाम्या पत्र्यावर एका अंगाला चाक आणि शेजारी पेट्रोलचा जेरी कॅन. सव्वातीन मीटरच्या आसपास लांबी असलेल्या उघड्या गाडीत दुसरीकडे कुठे ठेवणार? आत ठेवलं तर एक माणूस कमी बसणार.

युद्ध संपताना विलीजने हीच जीप शेतकऱ्यांसाठी काढली, १९४५ ची सीजे-२ए. शेतकऱ्याला मागून पोती चढवायची, अवजारं जोडायची, म्हणून मागच्या पत्र्याच्या जागी खाली पडणारा फाळका आला. आणि चाक? ते उचलून बाजूला, मागच्या चाकाच्या वर टांगलं. मुंबईत महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढे ती इथेच बनू लागली, तेव्हा हाच मुलकी अवतार आपल्याकडे रुजला. जुन्या फोटोंमधल्या तहसीलदाराच्या, पाटबंधारे खात्याच्या किंवा साखर कारखान्याच्या जीपच्या कुशीला चाक का दिसतं, त्याचं मूळ अमेरिकन शेतातल्या पोत्यांत आहे.

इंग्लंडमध्ये १९४८ ला लँड रोव्हर आली. तिचं गिऱ्हाईकही शेतकरीच, म्हणून हौद मोकळा हवा. चाक हौदात सीटांच्या मागे, नाहीतर बॉनेटवर. बॉनेटवरचं चाक फोटोत झकास दिसतं, पण इंजिनात पाहायचं तर चाकासकट बॉनेट उचला. पुढे स्टेशन वॅगनच्या मागच्या दारावर चाक आलं तेव्हा वेगळीच कुरकुर सुरू झाली. दार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, वजन एका बाजूने लोंबकळणारं आणि रस्ता खडबडीत. लँड रोव्हरच्या जुन्या डिफेंडर गाड्या बाळगणाऱ्यांना बिजागऱ्या ढिल्या होणं, दार खाली बसणं आणि पत्र्याला चिरा जाणं नवीन नाही. म्हणून चाकाला दारापासून सोडवून स्वतंत्र लोखंडी हातावर टांगायची पद्धत आली. दार उघडायच्या आधी हात बाजूला करायचा. टायर ३५-३७ इंचांपर्यंत वाढवणारे हौशी लोक आजही हेच करतात, कारण एवढं चाक कंपनीच्या बिजागऱ्या फार दिवस सोसत नाहीत.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात बोलका नमुना सुझुकीची जिम्नी. १९७० ची पहिली जिम्नी जपानच्या ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या वर्गात बसवायची होती आणि त्या वर्गाची तेव्हाची लांबीची मर्यादा होती ३ मीटर. मागे चाक टांगलं असतं तर मर्यादा ओलांडली असती. म्हणून चाक आत, मागे बसायच्या जागी ठेवलं आणि चार माणसांची गाडी तीन माणसांची झाली. परदेशासाठी मोठ्या इंजिनाची जिम्नी काढली तेव्हा हे बंधन उरलं नाही. चाक बाहेर गेलं आणि चौथा माणूस आत आला. एका चाकाची किंमत एक माणूस, इतका सरळ हिशोब क्वचितच पाहायला मिळतो. त्याच वंशातली जिप्सी १९८५ मध्ये मारुतीने भारतात आणली. लष्कर, पोलीस आणि जंगल सफारीमुळे पाठीवर चाक असलेल्या गाडीची छबी आपल्या डोळ्यांत बसली, त्यात जिप्सीचा वाटा मोठा आहे.

या काळापर्यंत बाहेरच्या चाकाची बाजू भक्कम होती, आणि खऱ्या आडवाटेला ती आजही आहे. चाक गाडीच्या पोटाखाली बांधलं की चढावरून उतरताना मागचा भाग जमिनीला घासायला लागतो. गाडी चिखलात रुतली आणि त्यातच टायर गेला तर गाडीखाली लोळत शिरून साखळी सोडवायची कोणी? नदीच्या वाळूत हा प्रयोग करून बघावा. शिवाय पोटाखालचं चाक गंजतं, चिखलाने माखतं आणि रात्रीत चोरीलाही जातं. पाठीवरचं चाक पान्ह्याने सोडवलं की उभ्या उभ्या हातात येतं.

गोंधळ झाला तो गाड्या डांबरी रस्त्यावर आल्यावर. १९९४ ला टोयोटा रॅव्ह-४ आणि १९९५ ला होंडा सीआर-व्ही आली. दोन्हींचा सांगाडा कारचा, कपडे जीपचे, आणि मागच्या दारावर चाक. मालक मात्र शेतकरी किंवा सैनिक नव्हता. तो शनिवारी बाजारहाट करणारा कुटुंबवत्सल माणूस होता. आता मागच्या दाराला पुन्हा काम लागलं, आणि जड चाक पेलायचं म्हणून ते दार वर न उघडता कपाटासारखं बाजूला उघडत होतं. रॅव्ह-४ च्या बिजागऱ्या उजवीकडे. जपानमध्ये गाडी डाव्या कडेला उभी राहते, तेव्हा फुटपाथवरून सामान टाकायला हे बरोबर. अमेरिकेत गाडी उजव्या कडेला उभी करतात, त्यामुळे तिथे तेच दार फुटपाथची वाट अडवून उभं राहायचं.

दुसरी कटकट विम्याची. गाडी मागे घेताना खांबाला टेकली तर धक्का बंपरने खायचा असतो. पण चाक बंपरच्याही मागे डोकावत असेल तर पहिला धक्का चाकाला, चाकाकडून दाराला आणि दाराकडून काचेला. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९९० च्या दशकात चालण्याच्या वेगाने घेतलेल्या धडक चाचण्यांत अशा गाड्यांचा दुरुस्तीखर्च त्यामुळेच फुगलेला दिसला. होंडाने २००६ च्या सीआर-व्हीत चाक खाली नेलं आणि दार वर उघडणारं केलं. रॅव्ह-४ नेही २०१३ च्या मॉडेलात तोच मार्ग धरला.

आपल्याकडे वारं तेव्हा नेमकं उलट्या दिशेने वाहत होतं. टाटांची १९९१ ची सिएरा आणि १९९८ ची सफारी, दोन्ही पुण्याच्या आणि दोन्हींच्या पाठीवर चाक. २००० मध्ये आलेली बोलेरो तर चाकाच्या कव्हरवर स्वतःचं नाव मिरवत गावोगाव फिरली. त्या कव्हरचा पुढे स्वतंत्र धंदाच झाला. वाघ, सिंह, राजमुद्रा, गावाचं नाव, आडनाव, दादांचा फोटो. सपाट दारावर हे सगळं लावायला जागा कुठली? निवडणुकीच्या दिवसांत मागून येणाऱ्याला वाचायला एवढं मोठं गोल पान दुसऱ्या कुठल्या गाडीने दिलं नसतं. हा उपयोग कोणत्याही अभियंत्याने धरला नव्हता, पण गिऱ्हाईक चाकाच्या बाजूने उभं राहिलं त्यात याचाही हात आहे, असं मला वाटतं. त्यामुळे टाटांनी २०१२ च्या सफारी स्टॉर्ममध्ये चाक दारावरून काढून खाली बसवलं, तेव्हा गाडी सुटसुटीत झाली आणि जुने चाहते हळहळले.

मग आला चार मीटरचा कायदा. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या आणि ठरावीक इंजिनक्षमतेच्या गाड्यांचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. छोट्या गाडीला मोठी दाखवायची शर्यत लागली आणि तिथे पाठीवरचं चाक हुकमी ठरलं. चिंचवडच्या प्रीमियरची २००९ ची रिओ, २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट, २०१५ ची महिंद्रा टीयूव्ही ३००, सगळ्यांच्या मागे चाक. यातली इकोस्पोर्ट मुळात ब्राझीलची. तिथे २००३ मध्ये तिची पहिली पिढी इतकी चालली की फोक्सवॅगनने फॉक्ससारख्या छोट्या हॅचबॅकच्या मागे चाक टांगून क्रॉसफॉक्स काढली. भारतातल्या इकोस्पोर्टच्या दाराची कडी उजव्या टेललाइटमध्ये लपवलेली होती, म्हणजे बिजागऱ्या डावीकडे. ब्राझीलच्या उजव्या कडेला हे सोयीचं. आपल्याकडे डाव्या कडेला गाडी लावून सामान काढायचं तर रहदारीच्या बाजूने उभं राहा. रॅव्ह-४ ची अमेरिकेत झालेली अडचण उलट्या हाताने इथे आली.

रांजणगावात बनलेली फियाट ॲव्हेंचुरा या प्रकाराचं टोक. २०१४ मध्ये पुंटोच्या मागे लोखंडी हात बसवून त्यावर चाक टांगलं. डिकी उघडायची तर आधी हात सोडवून बाजूला ढकला, मग झाकण वर करा. एका हातात भाजीची पिशवी असेल तर सांगायलाच नको. आडवाटेला न जाणाऱ्या हॅचबॅकला हा आटापिटा कशासाठी, याचं उत्तर फियाटकडेही बहुधा नसावं. दोन वर्षांनी अर्बन क्रॉस आली, तिच्या मागे चाक नव्हतं.

फोर्डनेही माघार घेतली. युरोपात गिऱ्हाईकांच्या मागणीवरून २०१५ पासून इकोस्पोर्ट चाकाविनाही मिळू लागली आणि मार्च २०२१ मध्ये भारतातही पाठीवर चाक नसलेली आवृत्ती आली, सोबत पंक्चर दुरुस्तीचं किट. हे इथे शक्य झालं ते जुलै २०२० च्या नियमबदलामुळे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना जादा चाकाची सक्ती केंद्र सरकारने काढली. खिळ्याने पडलेल्या भोकाला किट पुरतं. पावसाळ्यात खड्ड्याने टायरची कड फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून चाक बाहेर असो वा आत, ते गाडीत हवंच, हे माझं मत मी बदलणार नाही. पण शहरात राहणाऱ्याने ते पाठीवर का घ्यावं, हा प्रश्न उरतोच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला पाठ करून गाडी लावली की बाजूला उघडणारं दार अर्धंच उघडतं. मागच्या काचेतून दिसणाऱ्या दृश्याचा खालचा भागही चाकाने खाल्लेला असतो.

लांबीही जातेच. युरोपात विकलेल्या तीन दारांच्या जिम्नीची लांबी सुझुकीने दोन आकड्यांत दिली होती. चाकासकट ३६४५ मिमी आणि चाक वगळून ३४८०. म्हणजे १६५ मिमी नुसती चाकाची. भारतातली पाच दारांची जिम्नी चाकासकट ३९८५ मिमीत बसवली आहे. इतक्या काटकसरीच्या गाडीने चाकाला एवढी जागा द्यायची ती आडवाटेसाठी, आणि तिथे तो सौदा पटतो. नाशिकच्या थारचंही तेच, निदान ती घाट सोडून ओढ्यात उतरते तोवर. उलट २०२५ च्या अखेरीस टाटांनी सिएरा परत आणली, तिची मागची बाजू सपाट आहे.

विजेवरच्या गाड्यांनी प्रकरण पुन्हा फिरवलं आहे. मर्सिडीजच्या जी-क्लासच्या मागच्या दारावर १९७९ पासून चाक आहे. २०२४ च्या विजेवरच्या जी ५८० ला त्या जागी चौकोनी पेटी मिळते, चार्जिंगची केबल ठेवायला. चीनच्या बाओजुन येप या चिमुकल्या गाडीने तर मागच्या दारावर, जिथे चाक असायचं तिथे, चौकोनी चौकट बसवून तिच्यात स्क्रीन लावला आहे.