‘आठवीपर्यंत परीक्षाच नव्हती’ हे खरं नाही

‘आठवीपर्यंत परीक्षाच नव्हती, म्हणून पोरं कच्ची राहिली.’ पालकसभेत हे वाक्य हमखास कानावर येतं. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने परीक्षा बंद केलीच नव्हती. कलम १६ एवढंच सांगत होतं, की आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचं नाही. उलट त्याच कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केलं.

आमच्याकडे महाराष्ट्रात आठवीला ४० गुण आकारिक, ६० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी. मूल कुठे अडलंय ते वर्ष संपायच्या आत कळावं, हा त्यामागचा हेतू. साठ मुलांच्या वर्गात नोंदी लिहिता लिहिता हात मोडतो आणि पुष्कळ ठिकाणी त्या मार्चमध्ये एका बैठकीत ‘तयार’ होतात, हेही खरं. दोष तिथे शोधा.

आणि ‘ढकलपास’ही आता पूर्वीसारखं नाही. या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीत नापास मुलाला मागे ठेवायची मुभा दिली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुरवणी परीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग.