शिवराई जुनी, की जुनी दिसणारी?

पाचाडहून रायगडाकडे निघालं की वाटेवरच्या दुकानांत भगवे झेंडे, कीचेन आणि तांब्याच्या शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नाण्यांच्या प्रती, मांडलेल्या दिसतात. विकणारा त्या नव्या आहेत हे लपवत नाही, घेणाराही आठवण म्हणूनच नेतो. यात गैर काही नाही. अडचण येते वीस-पंचवीस वर्षांनी, जेव्हा तेच नाणं आजोबांच्या डब्यात सापडतं आणि नातू ते ‘घरातलं जुनं’ म्हणून मुंबईला दाखवायला नेतो. मधे कोणीही खोटं बोललेलं नसतं, तरी शेवटचा माणूस फसतो. कारण नाण्यावर ती प्रत असल्याची खूणच नसते.

शिवराईचा हा गुंता आजचा नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेल्या या तांब्याच्या पैशावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. महाराजांनंतरही हाच मजकूर पेशवाईत ठिकठिकाणच्या टाकसाळींतून पडत राहिला. अक्षरं बिघडत गेली. दोन समांतर रेघांची ‘दुदांडी’ तर इंग्रजी अंमल सुरू झाल्यावरही पाडली जात होती. म्हणून आज हाती येणाऱ्या बहुतेक अस्सल शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत. तरी त्यांना नकली म्हणणं चूकच. ते चलन होतं. जुनी म्हणून कोणी शिवराईचे दोन पैसे जास्त मोजत नव्हतं.

आपल्या देवळांतही हाच व्यवहार. शिमग्याला पालखीत लागणारी देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, झिजली की नवी घडवतात, शक्यतो जुन्यासारखीच, आणि गावासाठी देव तोच राहतो. घडवणारा त्यावर नाव घालत नाही, साल घालत नाही. वयाला किंमत नव्हती तोवर खूण नसण्यात फसवणूकही नव्हती. संग्राहक आले, वयाचे पैसे मिळू लागले, आणि कारागिराच्या त्याच जुन्या सवयीचा फायदा दलालाला मिळू लागला.

नाणं ओळखायचं कसं, हे थोडं सांगायला हवं. अस्सल शिवराई ठशाखाली घणाने ठोकलेली. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे अक्षरांचा काही भाग बाहेर जातो आणि दोन नाणी सहसा तंतोतंत सारखी नसतात. साच्यात ओतलेल्या प्रतीची अक्षरं मऊ असतात, अंगावर बारीक छिद्रं दिसतात, कधी कडेला सांध्याची रेघ. एकाच जागी तोच ओरखडा असलेली दोन नाणी दिसली तर तिथेच थांबावं. हिरव्या रंगावर मात्र विसंबू नये. मीठ आणि आंबट लावून ओल्या मातीत ठेवलं की तांबं लवकर हिरवं पडतं. उलट कोकणातल्या कितीतरी देव्हाऱ्यांतली खरी नाणी दर दिवाळीला चिंचेने किंवा आमसुलाने घासून लख्ख केलेली असतात. खरं नवं दिसतं आणि खोटं जुनं, असा हा घोळ आहे.

कायदा काय म्हणतो? १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. विक्रीला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. त्याचा रोख अस्सल वस्तू वाचवण्यावर आहे. ‘ही वस्तू नवीच आहे’ असा सरकारी दाखला मिळतो तो परदेशी पाठवताना. इथल्या इथे विकताना तो कोणी मागत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात जुना माल नवा म्हणून विकणं अनुचित प्रथांमध्ये नाव घेऊन नोंदलं आहे. नवा माल जुना म्हणून विकणाऱ्याला ‘दर्जाबद्दल खोटं सांगितलं’ अशा मोघम कलमांतून पकडावं लागतं. अमेरिकेने १९७३ मध्येच नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणं सक्तीचं केलं, आणि २०१४ च्या दुरुस्तीने विकणाऱ्यालाही त्यात ओढलं. मला ही तरतूद इथे हवी आहे.

प्रत करणं कमीपणाचं नाही, याचा दाखला कोकणातच आहे. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला, लोप पावत चालली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. आजही विष्णूच्या दहा अवतारांची १२० पानांची दशावतारी गंजिफा हाताने रंगवली जाते, नवी म्हणून विकली जाते आणि नवी असूनच मोलाची ठरते. पण डबीवर साल नसलेला संच पन्नास वर्षांनी ज्याच्या हाती पडेल, त्याला हे सांगायला कोण असेल?

माझ्याकडे रायगडाहून आणलेल्या दोन प्रती आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या कडेवर ‘प्रत’ अशी दोन अक्षरं आणि साल कोरून घेतलं. कारागिराने पाच मिनिटंही घेतली नाहीत.