'पार्क फेसिंग' घर: समोर मैदान की समोर बाग?

दादर-माटुंग्याकडे घर बघायला निघालात की पहिल्या दहा मिनिटांत दलालाच्या तोंडून 'पार्क फेसिंग' आलंच म्हणून समजा. केळुस्कर रोडवरचा फ्लॅट दाखवताना तो हेच म्हणतो, हिंदू कॉलनीच्या टोकाचा दाखवतानाही हेच. खिडकीतून दोन्हीकडे झाडं दिसतात आणि आकडा ऐकून घशाला कोरड पडते तीही सारखीच. पण पहिल्या घरासमोर शिवाजी पार्क आहे, म्हणजे मैदान. दुसऱ्याजवळ फाइव्ह गार्डन, म्हणजे बाग. घरात लहान मूल किंवा सत्तरीपलीकडचं माणूस असेल तर या दोन पत्त्यांवरचा रोजचा दिवस अगदी निराळा जातो, आणि हे कळायला बहुतेकांना एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागतो.

आधी मैदान. शिवाजी पार्क महापालिकेने 1925 मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा नाव माहीम पार्क. 1927 मध्ये शिवरायांच्या जन्माला तीनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने (तेव्हा जन्मवर्ष 1627 मानत) आजचं नाव मिळालं. क्षेत्र सुमारे 28 एकर, आणि भोवती सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांबीचा तो प्रसिद्ध कट्टा. भोवतालच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती नंतरच्या, बऱ्याचशा तीस-चाळीसच्या दशकातल्या. मैदान आधी आणि वस्ती त्याच्याभोवती, असा हा क्रम आहे.

मैदानाला वेळापत्रक असतं, पण ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. सकाळी उजाडायच्या आत चालणारे येतात. मग कट्ट्याला टेकवून किटबॅगांची रांग लागते, कुणीतरी खेळपट्टीवर पाणी मारतो, दोन पोरं रोलरला लटकतात आणि नेट बांधली जातात. सातच्या सुमाराला सर आले की टकटक सुरू. रमाकांत आचरेकरांनी याच मातीवर सचिन तेंडुलकर घडवला, त्यामुळे आजही दर एप्रिलमध्ये मुंबईभरचे आईबाप मुलाला पांढरे कपडे चढवून इथे आणून सोडतात. एका कोपऱ्यात समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती इथेच. संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एकच गलबला. एकाच्या सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या सामन्याच्या मिड-ऑनशेजारी उभा असतो, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

यात तीन वर्षांच्या मुलाचं स्थान काय? खरं सांगायचं तर नाही. मोकळी जागा दिसली की ते सुटतं, आणि सीझन बॉल कुठून येईल सांगता येत नाही. म्हणून शिवाजी पार्कातली लहान मुलं मैदानाच्या कडेच्या बालोद्यानात सापडतात आणि म्हातारी माणसं नाना-नानी पार्कात. मैदानालाही शेवटी आपल्या कडेला छोट्या बागा ठेवून घ्याव्या लागल्या, यातच काय ते आलं. उलट दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र मैदानासारखं दुसरं काही नाही. कुणाच्या टीममध्ये घुसायचं, आउट झाल्यावर किती भांडायचं, मोठ्या पोरांकडून बॅट कशी मागायची, हे सगळं तिथे आईबापांशिवाय शिकता येतं. शाळेच्या क्लबमध्ये हे पैसे भरूनही मिळत नाही.

आता बाग. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंगा-वडाळा पट्ट्यात त्याने रुंद रस्त्यांची, मोकळ्या जागा राखून ठेवलेली वस्ती आखली. मंचेरजी एदलजी जोशींनी ट्रस्टकडून 103 भूखंड पारशी समाजासाठी मिळवले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्या मधोमध या पाच बागा. त्यामुळे अगदी बागेच्या समोरच्या जुन्या इमारतींत घर बघायला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला बहुधा दारातूनच परतावं लागतं. दलाल ज्याला 'फाइव्ह गार्डनला लागून' म्हणतो ते घर पाच-सात मिनिटं चालण्यावर असतं. आधी चालून बघा, मग टोकन द्या.

बाग चालते ती फाटक, वॉचमन आणि पाट्या यांच्यावर. 'चेंडू खेळण्यास मनाई', 'फुले तोडू नयेत', 'कुत्र्यांना प्रवेश नाही'. मुंबईतल्या बऱ्याच पालिका उद्यानांना दुपारी कुलूप असतं आणि रात्री बंद व्हायच्या वेळी शिट्टी. हा जाच वाटतो खरा, पण त्याच फाटकामुळे तुम्ही बाकावर बसून शेजारणीशी बोलू शकता आणि पोर घसरगुंडीवर एकटं सोडू शकता. फाइव्ह गार्डनमध्ये मात्र एक ग्यानबाची मेख आहे. बागा पाच असल्याने त्यांच्या मधून रस्ते जातात. एका बागेतला झोका सोडून दुसरीकडे जायचं तर रस्ता ओलांडायचा, तोही संध्याकाळी कॉलेजची मुलं आणि खाण्याच्या गाड्या यांच्या गर्दीतून. पण सावली! वर्षावृक्षांचे असे डेरे शहरात फार ठिकाणी उरलेले नाहीत. मे महिन्यात चार वाजता तिथे बसता येतं. शिवाजी पार्कावर त्या वेळी मैदानाच्या मधोमध उभं राहून दाखवा.

आणि धूळ. मैदानावर लाल माती असते, ती खेळाला लागतेच. फेब्रुवारीपासून वारा सुटला की ती समोरच्या घरांच्या ग्रिलवर, गादीवर आणि फिल्टरच्या पाण्यावरसुद्धा बसते. घरात दम्याचं कुणी असेल तर हा एवढा मुद्दा बाकी सगळ्यावर भारी पडावा. बागेसमोर धूळ कमी, डास जास्त.

आवाजाचं गणित मात्र सरळ नाही. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं, म्हणून लोक समजतात तिथे वर्षभर शांतता असेल. रोजच्या भोंग्यांपुरतं ते खरंही आहे. पण दसरा मेळाव्याची परंपरा 1966 पासूनची, 1 मेचं संचलन इथेच, आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या मुक्कामाचे मांडव याच मैदानात. त्या दिवसांत गाडी बाहेर काढायची नाही, एवढंच इथले रहिवासी शिकतात. माझं मत विचाराल तर मोठ्या शहराला असं एक मैदान लागतंच, आणि ज्यांना वर्षातले हे दिवस जड जातात त्यांनी मैदानासमोर घर घेऊच नये. घेऊन वर तक्रारींचे अर्ज करत बसणं मला पटत नाही.

म्हाताऱ्यांसाठी मी मैदानाला एक गुण जास्त देईन, आणि तो कट्ट्यामुळे. रात्री अकरालाही कट्ट्यावर माणसं असतात, बायका एकट्या चालत असतात, आणि आजोबांना बोलायला कुणीतरी सापडतंच. बागेचं फाटक लागलं की समोरचा रस्ता ओस पडतो.

दलालाच्या 'पार्क'मध्ये हल्ली तिसराही प्रकार घुसवला जातो: गाड्यांच्या मजल्यांवर कुंड्या आणि रबरी लादी टाकून केलेलं पोडियम गार्डन. इमारतीच्या आवारात सक्तीने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दादरच्याच एका प्रकल्पाच्या खटल्यात सांगितलं होतं. तेव्हा ब्रोशरमधल्या हिरव्या चौकोनाकडे बघून भुलू नका.

समोरची जागा नेमकी काय आहे हे खिडकीतून कळत नाही, त्यासाठी पालिकेचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेची नोंद काय आहे हे सांगणारा दाखला, काढावा. शहरात त्याला विभागाचं नाव आणि सी.एस. (भूमापन) क्रमांक लागतो, उपनगरात गाव आणि सी.टी.एस. क्रमांक, तुमच्या इमारतीचा नव्हे, समोरच्या जागेचा. 2034 च्या विकास आराखड्यात मोकळ्या जागेच्या खुणेच्या सुरुवातीला 'ई' असेल तर ती आज अस्तित्वात आहे. 'आर' असेल तर फक्त आरक्षण, म्हणजे तिथे आज झोपड्या, गोदाम किंवा कुणाची खासगी मालकी काहीही असू शकतं. पुढे क्रीडांगण लिहिलंय की उद्यान, तेही वाचा, कारण आज मोकळी असलेली क्रीडांगणाची जागा उद्या नेट आणि शिट्ट्यांनी भरू शकते. शिवाजी पार्क जी उत्तर वॉर्डात येतं, फाइव्ह गार्डन एफ उत्तरमध्ये. रिमार्कमधलं काही कळलं नाही तर त्या त्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. दलालाला विचाराल तर तो पुन्हा 'पार्क फेसिंग'च म्हणेल.