आंबोलीचा देवाचा मासा आणि सव्वापाच एकरांचं संरक्षण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीत हिरण्यकेशी नदी एका गुहेतून बाहेर येते. गुहेला लागूनच महादेवाचं देऊळ आहे आणि पुढ्यात कुंड. कुंडाच्या तळाशी, दगडांच्या सांदीत एक चिमुकला मासा राहतो. तोंडापाशी बारीक मिशा, आणि चाहूल लागली की क्षणात दगडाखाली गुडूप. ही जात विज्ञानाला नवी असल्याची नोंद 2020 साली झाली आणि नदीवरूनच तिचं नाव ठेवलं गेलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. मराठीत याला ‘देवाचा मासा’ म्हणतात.

पुढच्याच वर्षी राज्य सरकारने इथलं 2.11 हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. म्हणजे जेमतेम सव्वापाच एकर!

आपल्याला अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द ओळखीचे आहेत. ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातले. राष्ट्रीय उद्यानात तर गुरं चारायलाही मनाई असते. जैविक वारसा स्थळाची तरतूद मात्र 2002 च्या जैवविविधता कायद्यातली, कलम 37 मधली. तिथे घोषणेआधी स्थानिक स्वराज्य संस्थेशी सल्लामसलत करावी लागते, आणि गावाच्या चालत आलेल्या वहिवाटीला धक्का न लावता जागा जपायची असते. महाशिवरात्रीला देवळात येणाऱ्यांची वाट त्यामुळे अडत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण ज्यांचं येणंजाणं रोजचं, तेच कुंडावर खरी नजर ठेवू शकतात. कुणी गळ टाकला, कुणी साबण लावून कपडे धुतले, तर ते आधी त्यांनाच दिसणार.

याच जिल्ह्यात तिलारीला 2020 साली 29.53 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तो वाघांचा भ्रमणमार्ग आहे. तिथे एवढी सलग जागा लागतेच. माशाला कुंड आणि ओहोळ पुरतो, पण पाणी स्वच्छ, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं हवं.

आणि ते पाणी कुठून येतं? आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, आणि जंगलात तो मुरतो आणि खडकातून झिरपत झऱ्यांना मिळतो. देवाच्या माशाची काळजी घ्यायची तर कुंडाइतकंच वरच्या सड्यांकडे आणि जंगलाकडेही पाहायला हवं. घोषित क्षेत्राची हद्द तिथवर पोचत नाही.