दिवसा एक, रात्री दोन राखाडी

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याच्या हॉलची भिंत दिवसा बघाल तर सगळी सारखी राखाडी. संध्याकाळी पिवळे बल्ब लागले की खिडकीशेजारी चादरीएवढा हिरवट पट्टा उमटतो. शेवटच्या हाताला रंग कमी पडला, म्हणून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला होता. दुकानदाराने भिंतीचा पोपडा ट्यूबलाइटखाली धरून शेड जुळवून दिली. रंगारी म्हणतो, भिंतीत ओल आहे. वरच्या काकू म्हणतात, राखाडी म्हणजे राहूचा रंग, घरात नकोच. राहू बल्ब लावल्यावरच का जागा होतो, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

गोम आहे आपल्या डोळ्यांत. भिंतीवरून परतणारा प्रकाश म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या असंख्य तरंगलांबींची भेळ, आणि ती चाखायला शंकुपेशी तीनच जातींच्या. एक ४२० च्या आसपास सर्वांत तरतरीत, दुसरी ५३०, तिसरी ५६०. पेशीला कळते ती फक्त बेरीज. कोणत्या तरंगलांबीने किती भर घातली, याचा हिशेब ती ठेवत नाही. दोन वेगळ्या भेळांच्या तिन्ही बेरजा सारख्या आल्या, की मेंदूच्या लेखी रंग एकच. याला म्हणतात मेटामेरिझम.

आत्याच्या पहिल्या डब्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि कार्बनचा काळा, बस. त्याचा परावर्तनाचा आलेख, म्हणजे कोणती तरंगलांबी किती परत फेकली ते, जवळजवळ सपाट. दुसऱ्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीत काळा थोडा, बाकी पिवळा, तांबडा आणि थॅलो निळा. हा निळा ६०० च्या पुढचा लाल प्रकाश गिळतो, म्हणून आलेखाला तिथे खड्डा. इतर रंगांनी तो दुसरीकडे भरून काढलेला. ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या, ट्यूबमध्ये लाल बेताचाच, त्यामुळे हिशेब जुळला. २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लालाची रास ओततो. सपाट आलेख ती परत करतो, खड्ड्याचा आलेख करत नाही. तिथला लाल घटला, म्हणून शेजारच्या राखाडीपुढे पट्टा हिरवट.

'उत्तरेच्या खिडकीत शेड बघा, तिथे ऊन येत नाही' हा सल्ला युरोपातला. बडोदं २२.३ अंशांवर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. जूनमध्ये भरदुपारचा सूर्यसुद्धा इथे किंचित उत्तरेला असतो. शेड निवडायची तर भिंतीवर हातभर पट्टा मारून, रात्री घरचेच दिवे लावून बघा.

आत्याने भिंत पुन्हा रंगवली नाही, बल्बच पांढरे लावले. पट्टा गेला. आता वरण फिक्कं दिसतं, अशी आतोबांची तक्रार आहे.