गुलाब 'गावठी' होत नाही

"नर्सरीवाल्यानं फसवलं हो! दोन वर्षं टपोरी लाल फुलं आली आणि आता बघा, गुलाब गावठी झाला," शेजारच्या काकू कुंडी दाखवत म्हणाल्या. मातीतून दोन-तीन लांबसडक फुटवे वर गेले होते, त्यांच्या टोकाला पांढऱ्या इवल्या फुलांचे झुपके. ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की आता उत्तर लिहूनच टाकतो. काकूंच्या कुंडीत पहिल्या दिवसापासून दोन गुलाब होते, खाली रानटी खुंट, म्हणजे मुळं पुरवणारं झाड, आणि त्यावर डोळा भरलेला, म्हणजे दुसऱ्या झाडाचा कोंब सालीत बसवून वाढवलेला, लाल गुलाब. आता खुंटाला फूट आली आहे, एवढंच.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हे सगळं आहे. टॉमस रिव्हर्स (१८३७) आणि विल्यम पॉल (१८४८) हे दोघे रोपवाटिकावाले, तर रेनल्ड्स होल (१८६९) हे खेड्यातले पाद्री. होल यांनी नॉटिंगहॅमच्या कामगारांबद्दल लिहिलंय. थंडीत गुलाब गारठू नयेत म्हणून ही माणसं घरातली पांघरुणं झाडांवर घालत. ते पान वाचलं की आपण कुंडीला पाणी घालायचा कंटाळा करतो याची लाज वाटते.

या मंडळींचा भरवसा होता तो कुंपणात वाढणाऱ्या रानगुलाबाच्या चिवट मुळांवर. जुलैच्या सुमारास रानगुलाबाच्या सालीवर इंग्रजी 'टी'सारखी चीर द्यायची आणि चाकूच्या चपट्या हाडी मुठीनं साल अलगद उचलायची. हव्या त्या जातीच्या फांदीवरून पानाच्या बगलेतला डोळा ढालीच्या आकारात काढायचा. पान छाटायचं, पण देठ ठेवायचा. डोळा चिरेत सरकवायचा आणि लोकरीच्या धाग्यानं बांधायचा.

जुलैच का? साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. त्याच्या विभाजनातून आतल्या बाजूला लाकूड तयार होतं आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहणाऱ्या नळ्या. वाढीच्या दिवसांत इथल्या नव्या पेशींच्या भिंती इतक्या नाजूक असतात की साल सहज सुटते. झाड सुस्त असताना ती चिकटून बसते, ओढली तर फाटते. चीर पडली की जखमेच्या कडेच्या पेशी भराभर विभागतात आणि मऊ, कुठलंही ठरावीक काम नसलेल्या पेशींचा गोळा तयार होतो. डोळ्याकडून आणि खुंटाकडून वाढत आलेले हे गोळे एकमेकांना भिडतात. मग डोळ्यातून खाली झिरपणारं ऑक्सिन हे संप्रेरक त्यांतल्या काही पेशींना नळ्या व्हायला लावतं. नळीला नळी जुळली की खुंटाचं पाणी डोळ्याला मिळू लागतं.

आणि तो देठ? दोन-तीन आठवड्यांनी त्याला बोट लावायचं. टपकन गळाला तर डोळा लागला. सुकून चिकटून राहिला तर डोळा मेला. देठ गाळणं हे जिवंत पेशींचं काम आहे, देठाच्या बुडाशी त्या एकमेकींपासून सुट्या व्हाव्या लागतात. मेलेल्या डोळ्याला देठ सोडताही येत नाही. बोटाच्या एका स्पर्शात होणारी ही परीक्षा मला फार सुंदर वाटते.

पाणी आणि साखर जोडापलीकडे जातात, वाढीचा जोमही खुंट ठरवतो, पण फुलाचा रंग ठरवणारी जनुकं ज्याची त्याच्याकडेच राहतात. ब्लॅककरंट या काळ्या फळांच्या झुडपावर डोळा भरला की गुलाब काळा येतो, ही युरोपातली जुनी समजूत म्हणूनच खोटी. इतक्या दूरच्या नात्यातल्या झाडांचा जोड टिकतच नाही. आज ऑनलाइन विकली जाणारी 'निळ्या गुलाबाची बियाणी' त्याच माळेतली. निळ्या रंगासाठी लागणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबाच्या पाकळीत तयारच होत नाही. जपानमध्ये दुसऱ्या झाडाचं जनुक घालून गुलाब केला, तोही जांभळट दिसतो. एका खुंटावर पाच रंगांची फुलं मात्र खरोखर येतात, पाच जातींचे डोळे भरले तर.

काकूंना मी कुंडीतली माती उकरायला सांगितली. फुटवे जोडाच्या खालूनच आले होते. ते कापले तर बुडाशी उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा फुटतात, म्हणून मुळाशी धरून ओढून काढले. मग जोडाच्या वरच्या वाळक्या दिसणाऱ्या फांदीला नखानं ओरखडा काढला. साल आतून हिरवी निघाली.